खासगी कारणास्तव

आमच्या लॉजच्या मॅनेजरसाहेबांनी कुणाचं शिफारसपत्र कधी उघडून वाचलं नाही. नोकरी मागायला आलेला माणूस खिशातून लिफाफा काढी, साहेब तो दोन्ही हातांनी घेत, किंचित मान लववत आणि टेबलाच्या डाव्या खणात टाकून देत. खण भरला की आमच्याकडे कामाला असलेली सुंदराबाई ते लिफाफे चूल पेटवायला घेऊन जाई. एकदा मी म्हटलं, निदान वाचून तरी जाळावेत. तर म्हणाले, "अहो, चिठ्ठीत लिहिणाऱ्याचे गुण दिसतात. मला समोर बसलेल्याचे बघायचे असतात."

हे 'अहो' सगळ्यांना होतं. मला, आचाऱ्याला, झाडूवाल्याला, इतकंच काय, जिन्यात बसणाऱ्या मांजरीलाही. "अहो, जरा सरकता का," असं ते तिला म्हणत आणि ती सरकेपर्यंत खालच्या पायरीवर थांबत. पहिले दोन-चार दिवस मला हसू आवरायचं नाही. नंतर मीही मांजरीला अहो म्हणायला लागले.

आमचा लॉज परळला, हॉस्पिटलांच्या मागच्या गल्लीत. दोन मजले, अठरा खोल्या, तळाला स्वयंपाकघर. आमच्याकडे मुंबई बघायला कुणी उतरत नसे. पेशंटचे नातेवाईक उतरत. कोकणातून बोटीने आलेले, घाटावरून, खानदेशातून आलेले. बरोबर वळकटी, पत्र्याची पेटी आणि गावच्या डॉक्टरची चिठ्ठी. चार वाजता ही मंडळी पेशंटसाठी डबा घेऊन निघत आणि सहाला भेटीची वेळ संपली की सगळी एकदम परत येत. साहेब त्यांना गिऱ्हाईक म्हणत नसत, 'मंडळी' म्हणत. लॉज चालतो तो सहा ते सात, बाकीचा दिवस कुणीही सांभाळील, असं त्यांचं म्हणणं होतं.

म्हणून माणूस निवडायची त्यांची रीतच निराळी होती. उमेदवार आला की त्याला दाराजवळच्या बाकड्यावर बसवायचं. मंडळी बसत तेच बाकडं. साहेब समोर टेबलाशी वर्तमानपत्र धरून बसत आणि कडेने बघत. तासभर तरी हाक मारायची नाही. जो शेजारच्याला "पेशंट कोण? काय झालंय? डॉक्टर काय म्हणतात?" असं विचारायला लागे तो तिथेच बाद. जो दर पाच मिनिटांनी घड्याळ बघे तोही बाद. उरलेल्याला एकच प्रश्न असे. संध्याकाळी सहाला एक बाई हॉस्पिटलातून परत आली. हातातला डबा नेला तसा भरलेलाच आहे. तुम्ही काय बोलाल?

या प्रश्नाला मी किती तऱ्हेची उत्तरं ऐकली असतील. कुणी म्हणे, जेवण आवडलं नाही का म्हणून विचारीन. कुणी म्हणे, देवावर हवाला ठेवा म्हणेन. फोर्टातल्या बड्या हॉटेलात काम केलेले एक गृहस्थ टाय बांधून आले होते, त्यांनी उभं राहून, किंचित वाकून इंग्रजीत शुभसंध्या म्हणून दाखवलं. साहेबांना त्यांचं फार कौतुक वाटलं. "चांगले आहेत, इथे वाया जातील," म्हणाले आणि त्यांना बंदराजवळच्या एका हॉटेलचा पत्ता लिहून दिला. बाद केलेल्या माणसाला ते रिकाम्या हाताने जाऊ देत नसत. गिरगाव-दादरच्या साऱ्या लहान लॉजांची आणि खानावळींची त्यांना खडान्‌खडा माहिती. तोंडात तीळ न भिजणारा उमेदवार असला की त्याला गिरगावात नाटकमंडळी उतरत त्या लॉजवर धाडायचे, तिथे बोलका माणूस लागतो म्हणून. तक्रारखोराला दादरच्या एका खानावळीत भाजी खरेदीला लावून दिलं होतं आणि तो तिथे म्हातारा होईपर्यंत टिकला.

त्या प्रश्नाचं खरं उत्तर आमच्या आचाऱ्याने, दाजीने, दिलं होतं. दाजी मालवणकडचा. तो मला ती गोष्ट दर आठ दिवसांनी नव्याने सांगायचा. "माका इचारल्यानी, डबो भरलेलो परत इलो तर काय बोलशात? मियां म्हटलंय, बोलूचा काय तेच्यात? डबो घेवचो नि घासूक टाकूचो." साहेबांनी त्याला त्याच दिवशी ठेवून घेतलं. त्याला पेजेपलीकडे फारसं काही येत नव्हतं हे नंतर कळलं. ते साहेबांनी त्याला एकेक करून शिकवलं.

दाजीच्या सांगण्यात आणखी एक गोष्ट यायची, माझ्या आधीची. संयुक्त महाराष्ट्राच्या एका हरताळाच्या दिवशी ट्राम नाही, बस नाही, रस्त्यावर पोलीस, आणि त्या दिवशी एक उमेदवार अँटॉप हिलवरून चालत, ठरलेल्या वेळेला येऊन बाकड्यावर बसला. साहेबांनी त्याला प्रश्न विचारलाच नाही. पाणी दिलं, हजेरीबुकात नाव लिहिलं आणि वर पाठवलं. तो आमच्याकडे पुढे पाणी भरायला होता.

मी स्वतः तिथे आले ती उतारू म्हणून. वडील देवगडकडे एका शाळेत मास्तर होते. आई आधीच गेलेली. वडिलांना परळच्या हॉस्पिटलात ठेवलं आणि मी बायकांच्या खोलीत सुंदराबाईच्या शेजारी पथारी टाकली. सुंदराबाई लॉजचे बिछाने बघायची. पावणेदोन महिने मी रोज चारला डबा घेऊन गेले आणि सहाला परत आले. साहेब स्वतः पुढे होऊन डबा दोन्ही हातांनी घ्यायचे. जड आहे की हलका, हे हातात जोखून बघायचे नाहीत. बाकीचं जग मला भेटेल तिथे "आता कसं आहे" विचारायचं आणि उत्तर देता देता माझा जीव मेटाकुटीला यायचा. लॉजवर आले की कुणी काही विचारायचं नाही. त्या न विचारण्यावर मी तेव्हा तग धरला.

वडील गेले. काका गावाहून आले, सगळं उरकलं आणि पुढच्या बोटीने मला न्यायचं ठरलं. काकांच्या खिशात माझ्यासाठी एक स्थळही होतं, दोन मुलांचा बाप असलेला बिजवर. मी मॅट्रिक झालेली, तेवीस वर्षांची. मला विचारायची त्यांना गरज वाटली नाही आणि माझ्याजवळ नाही म्हणायला दुसरी जागा नव्हती.

त्याच सुमाराला आमचा क्लार्क तावडे बेळगावच्या सीमा सत्याग्रहाला गेला आणि तुरुंगात पडला. तावडे लालबागचा, उंचापुरा, गाण्याचा गळा असलेला. टेबलाशेजारची त्याची खुर्ची दोन दिवस रिकामी होती. निघायच्या संध्याकाळी मी बोचकं बांधून बाकड्यावर बसले होते, काका बोटीची तिकिटं आणायला भाऊच्या धक्क्याला गेलेले. सहा वाजले. साहेब आत कोठीत होते. खानदेशातली एक बाई दारातून आली आणि तिच्या हातात डबा होता. चालण्यावरूनच मला कळलं, भरलेला आहे. मी उठले, दोन्ही हातांनी तो घेतला, आत ठेवला, तिला पाण्याचा तांब्या दिला आणि तिच्या शेजारी गप्प बसून राहिले. वर बघते तर साहेब कोठीच्या दारात उभे.

"अहो," ते म्हणाले, "तुमचा अर्ज कुठे आहे?"

मी म्हटलं, मी अर्ज केलेला नाही.

"मग आता करा. तावडे सुटेपर्यंत. बदली."

परळ-लालबागात बदली म्हणजे काय हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. गिरणीतला कायमचा कामगार गावी गेला, आजारी पडला, की तेवढे दिवस त्याच्या साच्यावर उभा राहतो तो बदली. मूळचा माणूस आला की बदलीने मुकाट्याने बाजूला व्हायचं. साहेबांनी ही गिरणीची रीत लॉजला लावली होती. सत्याग्रहाला गेलेल्याचं नाव हजेरीबुकातून काढायचं नाही. नावापुढे 'तुरुंगात' असंही लिहायचं नाही. 'रजेवर' लिहायचं, कारणाच्या रकान्यात 'खासगी' लिहायचं आणि खाली बदलीचं नाव. मालकशेठ भुलेश्वरला राहत, महिन्यातून एकदा येत. त्यांचं म्हणणं, नवा कायमचा माणूस घेऊन मोकळे व्हा. साहेब ऐकून घेत आणि ऐकत नसत.

काका तिकिटं घेऊन आले. साहेबांनी त्यांना "बसा जरा" म्हणून बाकड्यावर बसवलं आणि वर्तमानपत्र उघडलं. काकांनी पाच मिनिटं दम धरला असेल. मग त्या खानदेशातल्या बाईकडे वळून पेशंट कोण, दुखणं काय, किती दिवस झाले, वाचायची आशा आहे का, अशी सरबत्ती सुरू केली. साहेबांनी वर्तमानपत्राची घडी घातली, त्यांच्यासमोर येऊन उभे राहिले आणि अतिशय नम्रपणे म्हणाले, "माफ करा. आपल्याला घेता येणार नाही."

काकांना काही उमगेना. मला मात्र वडील गेल्यापासून पहिल्यांदा हसू आलं, आणि त्या हसण्याच्या भरात मी सांगून टाकलं की मी येत नाही. काका खूप बोलले. शेवटी म्हणाले, त्या क्लार्कला सोडलं की लगेच बोट धरायची, तोवर मी त्या लोकांना थोपवून धरतो. मी कबूल झाले. सांगून-सवरून घेतलेली मुदत होती ती.

पुढचे आठ महिने माझ्या जन्मातले सगळ्यांत चांगले महिने होते. साहेब मला शिकवत होते. खोली देताना कुठल्या पेशंटच्या माणसांना जिन्याजवळची द्यायची, कुणाला कोपऱ्यातली. ज्यांचा पेशंट गेला त्यांचं सामान दुसऱ्या कुणी बांधायला घ्यायचं नाही, त्यांच्याजवळ बसायचं आणि त्यांनी मागितला तरच दोर द्यायचा. जिन्याच्या तळाशी चपला काढायच्या, कारण वर कुणाचा तरी नुकता डोळा लागलेला असतो. साहेब स्वतः काळा बंद गळ्याचा कोट, धोतर आणि खाली अनवाणी पाय अशा थाटात दिवसभर वावरत. नवीन उमेदवार त्यांनाच नोकर समजून मॅनेजर कुठे आहेत म्हणून विचारी. ते म्हणत, "येतील, बसा." आणि बाकडं दाखवत.

त्या दिवसांत गल्लीच्या तोंडाशी सभा व्हायच्या, सत्याग्रही सोडा म्हणून घोषणा व्हायच्या. मीही खिडकीतून ओरडायचे. आणि ओरडता ओरडता मनात यायचं, तावडे आणखी थोडे दिवस आत राहिला तर? त्याची आई लालबागहून दर महिन्याला लॉजवर येऊन काही कळलं का म्हणून विचारायची, आणि तिला पाणी देताना मला माझी अशी शरम वाटायची की काय सांगू. हे मी साहेबांजवळ बोलले नाही. पण त्यांना कळलं असावं. एकदा हजेरीबुक पुढे ओढून म्हणाले, "अहो, बदलीला असं वाटतंच. वाटू द्यावं."

साहेब मूळचे गिरगावचे, जुन्या घराण्यातले. आजोबांच्या मालकीची म्हणे अख्खी चाळ होती आणि आता त्याच चाळीत एका खोलीचे हे भाडेकरू. हे दाजीने सांगितलं. साहेब स्वतःबद्दल चकार शब्द काढत नसत. त्यांचं लग्न झालं होतं का, मुलंबाळं होती का, हॉस्पिटलांच्या या गल्लीत ते मुळात आले कसे, त्यांचा डबा कधी कुणी दोन्ही हातांनी घेतला होता का, यातलं मला काही ठाऊक नाही. मी कधी विचारलं नाही. न विचारण्यासाठीच तर मला घेतलं होतं.

तावडे सुटला. लालबागला त्याची मिरवणूक निघाली आणि दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला तो दारात हजर. दाढी वाढलेली, अंगात सदरा लोंबतोय. दाजीने त्याला मिठी मारली. मी रात्रीच बोचकं बांधून ठेवलं होतं. खुर्चीवरून उठले आणि बाजूला उभी राहिले.

तावडे मनाने मोठा. तो म्हणाला, "साहेब, बाईंना बसू दे तिथं. मी बघतो कुठंतरी दुसरीकडं. तुम्ही सांगाल तिथं जातो."

"जागा तुमची आहे," साहेब म्हणाले. "बसा."

तावडे बसला. साहेबांनी हजेरीबुकात माझ्या नावावर रेघ ओढली. अगदी सरळ, पट्टी लावून ओढली. मी बोचक्याला हात घातला. मग त्यांनी टेबलाच्या उजव्या खणातून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. त्यांच्याच अक्षरात अर्ज होता. खासगी कारणास्तव पंधरा दिवस रजा मिळावी, ही विनंती. खाली त्यांची सही.

मी विचारलं, "हा कुणाला द्यायचा?"

"मॅनेजरांना."

"मॅनेजर तुम्ही."

"मी रजेवर आहे," ते म्हणाले. "तुम्ही बदली. तिथे मंजूर लिहा, आणि खाली सही."

मी इतक्या घाईने लिहिलं की 'मंजूर' हे मांजरीने ओढल्यासारखं दिसतं. तो कागद अजून माझ्याजवळ आहे. साहेबांनी तो वाचला, घडी घालून मला परत दिला, जिन्याखालच्या चपला पायांत घातल्या आणि गल्लीतून ट्रामच्या दिशेने चालू लागले. मी बोचकं सोडलं आणि काकांना पत्र लिहिलं की क्लार्क सुटला आहे, पण मी आता मॅनेजरांच्या जागेवर बदली आहे. त्यांचं उत्तर आलं नाही.

पंधरा दिवसांनी साहेबांऐवजी पोस्टाने दुसरा अर्ज आला. रजा महिनाभर वाढवून मिळावी. कारण खासगी. मी मंजूर लिहून पाठवला. पुढच्या महिन्यात तिसरा. शेठ आले, मॅनेजर कुठे म्हणाले. मी सांगितलं, रजेवर. मग बघतं कोण? म्हटलं, बदली. त्यांनी खोल्या बघितल्या, दाजीचं जेवण जेवले आणि भुलेश्वरला परत गेले. मी खुशीत होते. साहेबांनी माझ्यासाठी खुर्ची रिकामी केली आणि आता हा रजेचा खेळ चालवलाय, असं मी धरून चालले होते. दर महिन्याला त्यांचं अक्षर बघितलं की बरं वाटायचं. अक्षर जरा तिरकं होत चाललंय हे दिसत होतं. वयामुळे असेल म्हणून सोडून दिलं.

महाराष्ट्र झाला त्या दिवशी ते आले. परळभर दिवे, पेढे, ढोल. संध्याकाळी साडेपाचला साहेब दारातून आत आले आणि टेबलाकडे न येता बाकड्यावर बसले. कोट अंगावर टांगल्यासारखा दिसत होता. तावडे उठायला लागला तर त्यांनी हातानेच बसायची खूण केली. मी पाणी दिलं. ते प्यायले. सहाला मंडळी परतायला लागली तेव्हा एका म्हाताऱ्याचा डबा त्यांनी उठून घेतला, आत ठेवला, पुन्हा येऊन बसले. मी त्यांच्या शेजारी बसले होते. गप्प. मला घातलेल्या वळणाप्रमाणे अगदी बरोबर बसले होते. सात वाजता ते उठले आणि चपला घालताना माझ्याकडे बघत थोडा वेळ उभे राहिले.

तेव्हा मला वाटलं, कौतुकाने बघताहेत. आता वाटतं, ते वाट बघत होते. एवढी वर्षं इतरांना विचारू नका म्हणून शिकवणारा माणूस, त्याला एकदा तरी कुणी विचारायला हवं होतं. विचारणारं दुसरं माणूस त्यांना असतं तर ते परळपर्यंत आले नसते. मी विचारलं नाही. "सावकाश जा," एवढं म्हटलं.

चार महिन्यांनी गिरगावातून त्यांचे शेजारी आले. बाकड्यावर टेकले आणि लिफाफा पुढे केला. साहेब गेले, म्हणाले. दीड वर्षापासून दुखणं होतं. म्हणजे तावडे सुटायच्याही आधीपासून. खोलीत एकटेच. शेजारीपाजारी जेवण द्यायचे, बऱ्याचदा ताट तसंच परत यायचं. हा कागद परळला पोचवा म्हणून त्यांनी सांगून ठेवलं होतं.

आत अर्ज होता. खासगी कारणास्तव रजा पुढे वाढवून मिळावी. किती दिवसांसाठी, ते लिहायची जागा मोकळी सोडलेली.

मी त्या लॉजवर त्यानंतर तेहतीस वर्षं होते. शेवटपर्यंत हजेरीबुकात पहिलं नाव त्यांचं, पुढे 'रजेवर', आणि खाली बदली म्हणून मी. बाकडं तेच ठेवलं, प्रश्नही तोच ठेवला. फक्त "काही बोलणार नाही, नुसता डबा घेईन" असं उत्तर कुणी दिलं की मी पुढे विचारायचे, "आणि दुसऱ्या दिवशी?" उमेदवार गोंधळायचे. मला त्यांची आठवण रोज येते असं नाही. संध्याकाळी सहाला मात्र येते, अजूनही, इथे चुलत भाच्याच्या घरी, जिथे सहा वाजता हॉस्पिटलातून कुणी परत येत नाही.

तो शेवटचा अर्ज मी त्या दिवशी टेबलावर सरळ केला. तावडे समोर होता, दाजी आतून येऊन दाराशी उभा राहिला होता. मी पेन उचललं आणि खाली लिहिलं. नामंजूर. कारण काय ते सविस्तर सांगावे.